दोघांचा एक फोटो

"जरा डावीकडं. अजून. हां, आता हनुवटी खाली. एवढी नाही, पाय बघायलीस का? हां. आता हसा."

लग्नाला चौदा वर्षं झाली होती, तरी डोळ्याला कॅमेरा लागला की आमचे हे मला अहोजाहो करायचे. दिवसभर गिऱ्हाइकांना 'हसा', 'बसा', 'हलू नका' म्हणून जिभेला वळण पडलेलं. मी गोवळकोंड्याच्या पायऱ्यांवर उभी होते, डोक्यावर ऊन, आणि हसायचं काही कारण दिसत नव्हतं.

"हे किती झाले?" मी विचारलं.

"एकवीस."

"आणि त्यात मी किती?"

"एकवीस," हे म्हणाले. "मग दुसरं कोण असणार? किल्ला काय, कुणीबी काढतो."

यांचं नाव विश्वंभर पांचाळ. उदगीरला बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला आमचा स्टुडिओ. पौष महिन्यात लग्नं नसतात, म्हणून फोटोवाल्याला रजा पौषातच. चौऱ्याण्णव सालच्या पौषात आम्ही मुलीला सासूबाईंकडे ठेवून तीन दिवसांसाठी हैदराबाद बघायला गेलो. चौदा वर्षांत दोघांनीच गावाबाहेर मुक्काम करायची ही पहिलीच वेळ.

मी निघाले ते एकच ठरवून. दोघांचा एक फोटो काढून आणायचा. बाकी हैदराबाद बघायला मिळालं तर उत्तम, नाही तर नाही.

लोकांना हसू येईल. फोटोवाल्याची बायको आणि फोटो नाही? तर माझे होते की. ट्रंकभर होते. विहिरीवर मी, तुळशीपाशी मी, नव्या शिलाई मशीनवर हात ठेवून मी. ते बघून कुणाला वाटलं असतं, या बाईला नवराच नाही. हे कायम कॅमेऱ्याच्या मागं. दोघांचा म्हणून घरात एकच, लग्नाचा, बैठकीच्या भिंतीवर, हातानं रंगवलेला. लग्नात काढलेले बाकीचे सगळे खराब झाले, एवढा एकच वाचला, असं यांनी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं.

निघताना मी सासूबाईंना म्हटलं, "या खेपेला जोडीनं फोटो काढूनच येते बघा."

सासूबाई म्हणाल्या, "त्यो बसतोय व्हय? सगळ्या गावाला बसवतो आन सोता उभाच. दिव्याखाली अंधार."

गोवळकोंड्यावर मी पहिला प्रयत्न केला. गुलबर्ग्याचं एक कुटुंब शेजारी डबा खात होतं. त्यातल्या बापाला मी म्हटलं, भाऊ, आमचा दोघांचा एवढा एक काढता का? माणूस भला. हात धुऊन, पुसून आला. यांनी त्याला कॅमेरा दिला, म्हणजे पट्टा स्वतःच्याच गळ्यात ठेवून नुसता हातात दिला, आणि शिकवायला सुरुवात केली.

"हे बगा, कोपरं बरगडीला टेकवायची. श्वास सोडायचा, मग दाबायचं. दाबायचं म्हणजे ढकलायचं नाही. करून दाखवा."

त्यानं करून दाखवलं.

"हात हलतो तुमचा," हे म्हणाले.

"थोडा हलला तर हलू द्या," मी म्हटलं.

"हलू द्या कसं? फोटो आहे का पाळणा?" आणि कॅमेरा काढून घेतला. तो बिचारा परत डब्याकडे गेला तेव्हा त्याची चपाती पोरांनी संपवलेली होती.

यांच्या कॅमेऱ्याला आपोआप फोटो निघायची कळ होती, ती लावून पळत जाऊन उभं राहायचं. पण ती नऊ वर्षांपूर्वी बिघडली आणि यांनी ती दुरुस्त केली नाही. गिऱ्हाइकाला तिचा काय उपयोग, म्हणायचे. एरवी कॅमेऱ्यावर माशी बसली तरी चष्मा लावून बघणारा माणूस.

दुसरा प्रयत्न हुसेनसागरच्या काठावर. पाण्यात मध्यभागी बुद्धाची मोठी मूर्ती, छान वारा, यांचा चेहराही खुशीत. शेंगा खाता खाता मी सहज म्हटलं, "ते पोलीस उभे आहेत ना, त्यांचा हात स्थिर असणार. बंदूक धरायची सवय असते." हे उठले. मला वाटलं, पोलिसांकडेच निघाले. तर आणखी शेंगा आणायला गेले आणि येताना माझेच तीन फोटो काढत आले. सालारजंग म्युझियममध्ये कॅमेरा दारातच ठेवून घेतला, त्यामुळे तिथं आम्ही भांडलो नाही. फार छान आहे ते म्युझियम.

तिसऱ्या दिवशी चारमिनार. चारची परतीची गाडी. हॉटेलवरून निघतानाच मी विचारून घेतलं, रोलमध्ये किती उरले? दोन, म्हणाले. त्यातला एक माझा, मी बजावलं. म्हणजे आपला.

"बरं," हे म्हणाले.

चारमिनारपाशी इतकी गर्दी, की आपण चालत नाही, आपल्याला कुणी तरी चालवत नेतं. रिक्षा, हातगाड्या, बुरख्यातल्या बायका, मोत्यांच्या दुकानांपुढे ओरडणारी माणसं. लाड बाजारात मी मुलीसाठी खड्यांच्या बांगड्या बघत होते. तेवढ्यात खट्ट आवाज झाला. मी वळून बघितलं. हे शेजारच्या अत्तराच्या दुकानापुढे उकिडवे बसले होते आणि बाटल्यांवर पडलेलं ऊन टिपत होते. आणखी एकदा खट्ट. मग कॅमेऱ्याची रोल सरकवायची तरफ अर्ध्यात अडली.

"संपला," हे म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी हातातल्या बांगड्या दुकानदाराच्या पुढ्यात ठेवल्या आणि चालायला लागले. हे मागून, "अगं, ऐक की, उजेड असा पडला होता की," असं काही तरी सांगत आले. मी चारमिनारच्या समोरच्या फूटपाथवर येऊन थांबले. पुढं रस्ता ओलांडायची माझी छाती होत नव्हती, नाही तर तशीच उदगीरपर्यंत गेले असते.

"तुम्हाला माझ्याशेजारी बसायचं नाही," मी म्हटलं. "एवढंच सांगा की सरळ. बाटल्यांचा फोटो काढता, माझ्याशेजारी दोन मिनिटं बसवत नाही."

हे कॅमेऱ्याचं झाकण लावत राहिले.

"आओ जी, बैठो!" बाजूनं आवाज आला. "दो मिंट में फोटू हात में!"

फूटपाथवर लाकडी तिकाटण्यावर एक भला मोठा पेटीचा कॅमेरा, त्याला काळं कापड, आणि कापडाशेजारी मेंदी लावलेल्या लाल दाढीचे एक म्हातारे गृहस्थ. समोर एक बाक ठेवलेलं. बाकाच्या मागं थेट चारमिनार. पेटीवर रंगानं लिहिलं होतं, 'खाजामियाँ मिनट फोटो'.

"हम खुद फोटोग्राफर है," हे म्हणाले आणि नकळत ताठ उभे राहिले.

"तो क्या हुआ जी? हज्जाम के बाल कौन काटता? दूसरा हज्जामच काटता ना?"

मला एवढ्या रागातही हसू आलं. पण यांचं लक्ष बोलण्याकडे नव्हतंच. हे त्या पेटीभोवती फिरत होते. आत हात घालायची बाही, बाजूला लोंबकळणारी पाण्याची बादली, पत्र्याच्या डब्यात तरंगणारे कागद. "ह्याच्या आतच डेव्हलप करता? फिल्मच नाही? सीधा कागदपर?"

"हौ, सीधा कागद पर. पहले उलटा निकलता, काला मुँ, सफेद बाल. फिर उसका फोटू निकालतूँ, तो सीधा हो जाता."

पाच मिनिटांत दोघं असे रंगले, की कुणाला वाटावं कुंभमेळ्यात हरवलेले भाऊ. हायपोची पावडर कुठून आणता, उन्हाळ्यात डेव्हलपर किती वेळ टिकतो, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पेन्सिलीनं घालवायची की ब्रशनं. खाजामियाँनी मला बाकावर बसवलं आणि पलीकडच्या हॉटेलातून चहा मागवला. मी चहा प्यायले. रागसुद्धा बसून बसून थोडा निवतो.

"आता यांच्याकडूनच काढू," मी म्हटलं. "फिल्म लागत नाही. रोल संपायची भीती नाही. हात हलत नाही, कॅमेरा लाकडावर आहे. आता काय अडचण सांगता?"

"चार वाजता गाडी आहे."

"साडेअकरा वाजलेत."

हे बाकाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "आधी हिचा एकटीचा काढा."

खाजामियाँनी एकदा यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. माणसं बसवण्यात जन्म गेलेला माणूस, त्यांना काही तरी कळलं असावं. पण कळलं ते चुकीचं.

"शरम आती क्या साब को? कुछ नै. अलग अलग बैठो. मैं बाद में जोड़ के देतूँ. ये देखो." त्यांनी आपल्या बसायच्या गादीखालून एक पाकीट काढलं आणि त्यातला एक फोटो यांच्या हातावर ठेवला. एक जोडपं. तो सुटात, ती जरीच्या साडीत, खांद्याला खांदा. "ये मरद चार साल से दुबई में है. औरत इधर याकूतपुरे में. दोनों कु मैं मिलाया. साथ में खिंचाए सरीका दिखता कि नै?"

यांनी तो फोटो उजेडात धरला. बराच वेळ बघितला.

"सुंदर," हे म्हणाले. आवाज एकदम खाली गेला होता. "जोड दिसतच नाही."

"दिसतो की," मी म्हटलं.

मी तो यांच्या हातून घेतला. "तिच्या नाकाची सावली उजवीकडं पडलीय आणि त्याची डावीकडं. म्हणजे तिच्यासाठी सूर्य एकीकडं आणि त्याच्यासाठी दुसरीकडं. आणि इथं बघा. खांद्याला खांदा लागलाय, पण पदराला एक चुणी नाही. माणूस शेजारी येऊन बसला तर पदर दबतो थोडा तरी."

"या अल्ला," खाजामियाँ म्हणाले. "तीस साल में कोई नै पकड़ा. आपकु कौन सिखाया जी?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "आमच्या घरी असाच एक आहे भिंतीवर. चौदा वर्षं रोज पुसते."

हे बाकावर बसले.  समोरून रिक्षा जात होत्या, मोत्यांचा दुकानदार ओरडत होता, आणि हे माझ्याकडे असे बघत होते, जसं मीच काही चोरलंय.

"कधीपासून?" यांनी विचारलं.

"लग्नानंतर सत्यनारायण झाला, तुम्ही फ्रेम लावलीत, त्याच आठवड्यात. साडीला तुम्ही शालूचा रंग दिलात. पण ब्लाउजची बाही कुठली? मला दाखवलं त्या दिवशीच्या फोटोतली. आईनं शेजारच्या काकूंकडून उसनं आणलं होतं ते ब्लाउज, बाहीला टाका घातलेला. तो टाका मला ओळखू नाही येणार? मुंडावळ्या ब्रशनं काढल्यात. चांगल्या काढल्यात, पण माझ्याच मुंडावळ्या मला ठाऊक आहेत."

"मग बोलली का नाहीस?"

हे विचारलं आणि चौदा वर्षांचं सगळं माझ्या तोंडात आलं. गर्दी होती, परका माणूस शेजारी होता, तरी आलं.

"काय बोलू? खरे फोटो असताना तुम्ही जोडलेला लावलात. म्हणजे खऱ्यांत मी बघण्यासारखी आले नसणार. तुम्ही फोटोवाले, तुम्हाला दिसलं असणार की ही काही आपल्याशेजारी शोभत नाही. म्हणून फाडले असणार. म्हणूनच शेजारी बसत नाही, पुन्हा तेच दिसेल म्हणून. मला एकटीला मात्र कोपऱ्याकोपऱ्यात उभं करता. मला वाटायचं, हनुवटी खाली, मान डावीकडं, असं करून करून कुठं तरी मी चांगली दिसते का ते शोधताय."

 मग हे खाजामियाँकडे वळले. माझ्याकडे नाही, खाजामियाँकडे, जसं पंचांपुढे सांगावं तसं.

"रील पकड्याच नै," हे म्हणाले.

"क्या?"

"शादी का रील. कॅमेरे में पकड्याच नै. छत्तीस के छत्तीस कोरे." आणि मग माझ्याकडे वळून, सगळं मराठीत, भराभर. "माझ्या लग्नाचे फोटो दुसऱ्या कुणाच्या कॅमेऱ्यानं कशाला, म्हणून ज्यांच्याकडं हे काम शिकलो त्या मास्तरांना माझाच कॅमेरा दिला. मास्तरांची बोटं आखडलेली, म्हणून म्हटलं रील मीच भरून देतो. सकाळी मला हळद लागलेली. हात धुतले, पण तेल कुठं जातं लगेच? तेलकट बोटांनी रीलची जीभ चाकात अडकवली. ती निसटली. मला कळलं नाही. मास्तर दिवसभर खटाखट काढायलेत, आपण हसायलोय, आतलं रील जागचं हललंच नाही. तिसऱ्या दिवशी अंधारखोलीत धुतलं. काच बरी. एवढं साफ."

"आणि मग?"

"मग काय? रडलो तिथंच. उदगीरचा फोटोवाला, आन सोताच्या लग्नाचा एक फोटो नाही. गावाला काय तोंड दाखवू? मास्तरांना काय सांगू? तुला काय सांगू? तू तर नवीन. रात्रभर बसून जोडला. पाणी गेलं कॅमेऱ्यात, एकच वाचला, असं सांगितलं. आणि मग तुझ्याशेजारी बसायची भीती बसली. खरा फोटो एक जरी शेजारी लागला, की तो भिंतीवरचा लगेच उघडा पडणार. मला वाटलं, तुला कळेल."

"मला कळेल म्हणून," मी म्हटलं.

"हाव."

"आणि मला कळलेलंच होतं."

"ते मला कुठं ठाऊक?"

मी हसायला लागले. मला थांबताच येईना. चौदा वर्षं मी त्या काचेवर फडकं फिरवताना आत बघत होते, की माझ्या चेहऱ्यात नेमकं काय कमी आहे. आणि कमी काय होतं, तर यांच्या बोटांवरचा साबण! हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मी पदर लावला, आणि हे घाबरून माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागले, भर चारमिनारपुढे.

"अरे, इसमें रोने का क्या है साब," खाजामियाँ म्हणाले. त्यांना मराठी बऱ्यापैकी कळत होतं, नांदेडचं गिऱ्हाईक यायचंच त्यांच्याकडे. "मेरे सगे मामू की शादी में ऐसाइच हुआ. मैं रील उलटी डाल दिया था. मामू आज तक बात नै करते." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "अब उठो नक्को! ऐसेच बैठो! दोनों! हल्लू से इधर देखो!"

ते काळ्या कापडाखाली शिरले. आम्ही बाकावर. खांद्याला खांदा. मी पदर नीट केला आणि तो यांच्या बाहीखाली दबला. हे ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे.

"हात कुठं ठेवू?" यांनी मला हळूच विचारलं. पंचवीस वर्षं लोकांचे हात जागेवर ठेवून देणाऱ्या माणसानं.

"राहू द्या तिथंच," मी म्हटलं. "आता हसा."

"सास रोको!" कापडाखालून हुकूम आला. "तीन गिनने तक हिलो नक्को! एक..." त्यांनी कॅमेऱ्याचं झाकण काढलं. "दो... तीन." झाकण परत बसलं.

पेटीत हात घालून ते बराच वेळ खुडबूड करत होते. हे उठून पेटीपाशी जाऊन उभे राहिले, मला विसरून. आधी उलटा निघाला, काळी तोंडं, पांढरे केस, आम्ही दोघं म्हातारे झाल्यासारखे. मग त्याचा फोटो, मग बादलीतलं पाणी, आणि मग खाजामियाँनी तो ओला कागद दोन बोटांत धरून वर उचलला आणि जीभ चावली.

"ओ हो हो. साब हिल गए."

मी होते. अगदी स्वच्छ, साडीचा काठसुद्धा मोजून घ्यावा असा. मागं चारमिनार स्वच्छ. आणि माझ्याशेजारी यांचं शरीर होतं, शर्ट होता, हात गुडघ्यांवर होते. चेहरा मात्र पुसटला होता. 'एक' म्हणताना समोर होता आणि 'तीन' म्हणेपर्यंत माझ्याकडे वळला होता, आणि मधला सगळा वेळ त्या कागदावर राहिला होता.

हे अंगावर झुरळ पडल्यासारखे दचकले. "काढा, काढा, दुसरा काढा. हे काय? मी हललो? मी?"

"कामून हललात?" मी विचारलं.

"तू हसायलीस का बघायला," हे म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

"हाच पाहिजे," मी खाजामियाँना म्हटलं.

"अगं, माझं तोंडच नाही त्यात!"

"आहे की. माझ्याकडं आहे."

"निदान पेन्सिलीनं थोडं, डोळे तरी..."

"पेन्सिल लावलीत तर बघा," मी म्हटलं. खाजामियाँ मोठ्यानं हसले आणि फोटो वाळवायला बाकावर उन्हात ठेवला. आम्ही त्याच्या शेजारी बसून राहिलो. मग हेच उठले, लाड बाजारात जाऊन मी टाकून आलेल्या बांगड्या घेऊन आले, माझ्या मापाच्याही चार.

उदगीरला आल्यावर मला वाटलं होतं, तो फोटो माझ्या ट्रंकेतच राहणार. दोन दिवस हे त्याच्याभोवती घुटमळले. तिसऱ्या दिवशी मी स्टुडिओत गेले तर रस्त्याकडच्या काचेच्या कपाटात, जिथं यांची सगळ्यात चांगली कामं लावलेली असतात, मंत्र्यांचा सत्कार, बक्षीस मिळालेली बैलजोडी, तिथं अगदी मध्यभागी तो लावलेला.  

पुढं उन्हाळ्यात जळकोटहून एक पाहुणे आले, पोरीचा फोटो काढायला, स्थळाकडे पाठवायचा होता. मी आत पासपोर्ट फोटो कापत बसले होते. पाहुणे काचेपाशी थांबले.

"मास्तर, एवढे झकास फोटो लावलेत, आन मधी ह्यो हललेला कामून?"

"तो आमच्या लग्नाचा आहे," हे म्हणाले.

पाहुण्यांनी नाक काचेला लावलं. "मागं चारमिनार दिसतोय की. लगीन हैदराबादला लागलं व्हय?"

"हाव."

"कवा?"

"पोरगी बारा वर्षांची होती तेव्हा."

पाहुणे यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर दारातून आत माझ्याकडे आली. "खरं हाय व्हय, बाई?"

"खरं आहे," मी म्हटलं. "मी तिथंच होते."